विश्लेषण : एक काठी नाइलाजाने घेण्यापेक्षा दोन काठ्या वेळेवर का घ्याव्यात?

गिरनारच्या तळेटीला पोचलेले मराठी भाविक पायऱ्यांना हात लावून नमस्कार करण्याआधी बहुतेक वेळा एक गोष्ट करतात. बांबूची काठी घेतात. पन्नाशीतल्या काकू घेतात, तिशीतला आयटीवाला घेतो, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. दहा हजारांच्या घरातल्या पायऱ्या, पहाटेचा अंधार आणि उतरताना लटपटणाऱ्या पोटऱ्या म्हटल्यावर काठी हवीच. केदारनाथच्या वाटेवर हेच, वैष्णोदेवीला हेच. पुढे दोन वर्षांनी त्याच काकूंचा गुडघा कुरकुरू लागतो आणि डॉक्टर म्हणतात, चालताना काठी वापरत जा. तेव्हा उत्तर ठरलेले असते : ‘एवढी काही म्हातारी झाले नाही मी अजून!’

यात्रेतली काठी शहाणपणाची आणि सोसायटीच्या आवारातली काठी लाजेची, हा फरक वैद्यकशास्त्राने केलेला नाही. तो आपण केला आहे आणि त्याची किंमतही आपणच मोजतो. कारण मग काठी हातात येते ती पडल्यानंतर. बाथरूमच्या दारात किंवा पदपथावरच्या उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय अडकतो, खुब्याचे हाड मोडते, ऑपरेशन होते, वॉकर येतो आणि त्यानंतर नशिबाने साथ दिली तर काठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे पाय बऱ्यापैकी चालत असतानाच दोन काठ्या हातात घेऊन चालायला सुरुवात करावी, असा एक व्यायामप्रकार युरोपात गेली पंचवीसेक वर्षे रुळलेला आहे. नाव नॉर्डिक वॉकिंग. आपल्याकडे तो काही ट्रेकर्स आणि मोजके फिजिओथेरपिस्ट सोडले तर फारसा कोणाला माहीत नाही. तो माहीत असायला हवा, आणि त्याच्याभोवतीच्या जाहिरातबाजीसकट माहीत असायला हवा.

स्कीशिवायच्या काठ्या

हा प्रकार मूळचा फिनलंडचा. बर्फावर स्की करणारे खेळाडू उन्हाळ्यात बर्फ नसताना सराव बुडू नये म्हणून स्कीच्या काठ्या घेऊन रानवाटांवर चालत, पळत. खेळाडूंची ही सवय सामान्य माणसांपर्यंत न्यायची कल्पना पुढे आली आणि १९९७ मध्ये एक्सेल या फिनिश कंपनीने तिथल्या क्रीडासंस्थांच्या मदतीने खास चालण्यासाठीच्या काठ्या बाजारात आणल्या. फिनिश भाषेत या व्यायामाला ‘साउवाकॅवेली’ म्हणतात. साउवा म्हणजे काठी, कॅवेली म्हणजे चालणे. इतके साधे नाव. सुरुवातीला तिकडेही ‘स्की घरी विसरलात काय?’ अशी थट्टा व्हायची म्हणे. म्हणजे लोक काय म्हणतील, ही भीती काही फक्त डोंबिवली-कोथरूडची नाही.

ट्रेकिंगची काठी आणि नॉर्डिक वॉकिंगची काठी दिसायला सारखी असली तरी वापर वेगळा आहे. ट्रेकिंगची काठी पुढे टेकायची, चढ-उताराला भार घेण्यासाठी. नॉर्डिक पद्धतीत काठीचे टोक शरीराच्या मागे तिरके टेकते आणि हाताने जमीन मागे ढकलत पुढे जायचे. मनगटाला अर्ध्या हातमोज्यासारखा पट्टा असतो, त्यामुळे काठी मागे गेल्यावर मूठ सैल सोडली तरी ती निसटत नाही. या ढकलण्यामुळे दंडाचा मागचा भाग, खांदे आणि पाठ कामाला लागते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२ जणांना एकाच वेगाने काठ्यांसह आणि काठ्यांशिवाय चालवले, तेव्हा काठ्यांसह चालताना ऑक्सिजनचा वापर सरासरी २० टक्क्यांनी वाढला. गंमत म्हणजे चालणाऱ्यांना त्या प्रमाणात जास्त दमल्यासारखे वाटले नाही.

‘शरीरातले ९० टक्के स्नायू वापरणारा व्यायाम’ असा दावा काठ्या विकणाऱ्यांच्या पानापानावर दिसतो. तो सोडून द्यावा. स्नायू ‘वापरला’ म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही.

तोल जातो म्हणजे नेमके काय होते?

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या खाली असतो. त्यातून एक ओळंबा खाली सोडला, तर तो दोन पावलांनी वेढलेल्या जागेत पडला पाहिजे. त्याबाहेर गेला की माणूस कलंडायला लागतो. उभे असताना ही जागा बऱ्यापैकी मोठी असते. चालताना मात्र चित्र बदलते. सामान्य वेगाने चालणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात ते जेमतेम २० टक्के वेळ. उरलेला ८० टक्के वेळ आपण एका पायावर असतो, म्हणजे सगळा डोलारा एका तळव्याएवढ्या पट्टीवर. चालणे म्हणजे दर सेकंदाला पुढे पडणे आणि दुसऱ्या पायाने स्वतःला झेलणे. तरुणपणी हे झेलणे इतके सहज होते की जाणवतही नाही. वय वाढले, पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू सुटले, डोळे आणि आतला कान मंदावला, की झेलायला क्षणभर उशीर होतो.

दोन काठ्या घेतल्या की ही पट्टी रुंद होते. उजवा पाय हवेत असताना उजव्या हातातली काठी बाजूला जमिनीला टेकलेली असते. आधार आता एका तळव्याचा न राहता तळवा आणि काठीचे टोक यांच्यामधल्या सगळ्या जागेचा होतो. ओळंबा थोडा इकडेतिकडे गेला तरी चालतो.

हे झाले यंत्रशास्त्र. त्याहून मजेशीर भाग मज्जासंस्थेचा आहे. १९९४ मध्ये जेका आणि लॅकनर या संशोधकांनी दाखवून दिले, की उभ्या माणसाने एका स्थिर वस्तूला नुसते बोट टेकवले, तेही शंभर ग्रॅम वजनाइतकाही भार न देता, तरी त्याचे डुलणे कमी होते. एवढ्याशा स्पर्शाने शरीराला आधार मिळत नाही. मिळते ती माहिती. रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलेला माणूस भिंतीला बोटे लावत स्वयंपाकघरात जातो, तो भिंतीवर रेलत नसतो. भिंत कुठे आहे हे कळले, की आपण कुठे आहोत हे कळते. काठीचे टोक जमिनीवरून हाताला हीच बातमी पोचवते.

मधुमेहींसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यातल्या अनेकांच्या तळपायाची संवेदना हळूहळू कमी होते. गादीवर चालल्यासारखे वाटते, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. पायाकडून बातमी येणे कमी झाले असेल, तर हाताकडून येणारी बातमी तोल सांभाळायला उपयोगी पडते. पायाची काळजी, जखमा तपासणे हे सगळे त्यामुळे टळत नाही, पण चालणे सुटण्याचे एक कारण कमी होते.

मग एकच काठी का नको?

एक काठी वाईट नाही. पण ती वापरतात कशी, ते कोणत्याही बागेत पाच मिनिटे बसून पाहावे. उजवा गुडघा दुखत असेल तर बहुतेक जण काठी उजव्याच हातात धरतात. ती डाव्या हातात हवी. दुखऱ्या उजव्या पायावर भार आला की कमरेची डावी बाजू खाली झुकू पाहते. ती वर धरून ठेवायला उजव्या खुब्याचे स्नायू जोरात ओढतात आणि त्या ओढण्यानेच सांध्यावरचा दाब वाढतो. डाव्या हातातल्या काठीने डावी बाजू उचलून धरली, की उजव्या खुब्याची ओढाताण कमी होते. आपल्याकडे काठीसोबत हे सांगण्याची पद्धत नाही. मेडिकलच्या दुकानातून काठी येते, कोणाची तरी जुनी घरात पडलेली निघते, उंची बघितली जात नाही आणि माणूस त्या आखूड काठीवर वाकून चालू लागतो. सहा महिन्यांत गुडघ्यासोबत पाठही धरते.

दोन काठ्यांनी हा डाव्या-उजव्याचा घोळ संपतो आणि शरीर एका बाजूला झुकत नाही. उंची बरोबर असेल तर पाठ आपोआप सरळ राहते आणि नजर पावलांवरून उठून समोर जाते. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकाने १९५६ मध्ये ‘काठी टाकून देऊ नका’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला होता. लंगडत चालण्यापेक्षा आणि लवकर दमण्यापेक्षा काठी बरी, हे त्यांना आपल्या व्यवसायबंधूंना पटवून द्यावे लागले. म्हणजे काठीची लाज फक्त रुग्णांना वाटते असे नाही. डॉक्टरांनाही ती लिहून देणे म्हणजे उपचार कमी पडल्याची कबुली वाटत असावी.

आजारपणानंतर किती उपयोग?

इथे आकडे पाहिलेले बरे. कॅनडातील ओटावा विद्यापीठाच्या हृदयरोग संस्थेने १३० हृदयरुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट केले : एका गटाला थांबून-थांबून जोरदार व्यायाम, दुसऱ्याला मध्यम गतीचा सलग व्यायाम आणि तिसऱ्याला नॉर्डिक वॉकिंग. बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम, मग आणखी चौदा आठवडे नुसते निरीक्षण. शेवटी सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो ते मोजले. तिन्ही गट सुधारले, पण नॉर्डिक वॉकिंगच्या गटात वाढ १९ टक्के होती, इतर दोन गटांत १३ आणि १२ टक्के. जोरदार व्यायामालाच खरा व्यायाम मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

व्हिएन्नात ६० सीओपीडी रुग्णांवर, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराने धाप लागणाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये आला. तीन महिने काठ्यांसह चालणाऱ्यांचा दिवसभरातला वावर वाढला आणि कार्यक्रम संपल्यानंतरही तो बराचसा टिकला. जर्मनीत पार्किन्सनच्या ९० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात साध्या चालण्यापेक्षा काठ्यांसह चालण्याने तोल आणि पावलांची लांबी अधिक सुधारली. पार्किन्सनमध्ये पावले आखूड होत जातात आणि हात हलायचे थांबतात. काठ्या हातांना हलायला लावतात, बहुधा त्याचाही हा परिणाम असावा. हे सगळे अभ्यास लहान आहेत. शंभर-सव्वाशे माणसांवरून चमत्काराची भाषा करू नये. पण दिशा एकच दिसते.

गुडघ्यांचे मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण बहुतेक लोक काठ्यांकडे वळणार ते गुडघ्यांसाठी. ‘गुडघ्यावरचा भार ३० टक्क्यांनी कमी’ वगैरे वाक्ये सर्रास फिरतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये मोजले, तेव्हा सपाट जमिनीवर नॉर्डिक वॉकिंगने गुडघ्याच्या सांध्यावरचा भार कमी झालेला आढळला नाही. फायदा दिसतो तो उतारावर. १९९९ मधल्या एका प्रयोगात तीव्र उतारावर काठ्या वापरल्याने गुडघ्यावरची बले १२ ते २५ टक्क्यांनी घटली. थोडक्यात, सिंहगड उतरताना काठ्या गुडघे वाचवतील, पण बागेतल्या ट्रॅकवर त्यांचा फायदा तोल, दम आणि आत्मविश्वासाचा. झिजलेला गुडघा काठ्यांनी भरून येत नाही, आणि तसे सांगून जोड्या विकणाऱ्याकडून घेऊ नयेत.

आत्मविश्वास हा शब्द इथे उगाच आलेला नाही. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या भीतीने चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की स्नायू सुटतात, स्नायू सुटले की पुन्हा पडतो. आधी दूध आणायला जाणे बंद होते, मग देवळात, मग शेजारच्या इमारतीतल्या मित्राकडे. हाडाचा डॉक्टर एक्स-रे पाहून हाड जुळले म्हणतो, तेव्हा हे सगळे एक्स-रेत दिसत नाही. डिस्चार्जच्या कागदावर ‘चालत राहा’ एवढेच लिहिलेले असते. कसे, कशाच्या आधाराने, कुठे, हे घरच्यांनी ओळखायचे.

सुरुवात कशी करावी?

काठीची उंची सर्वांत आधी. सरळ उभे राहून काठी पायाशेजारी उभी टेकवली, की कोपर साधारण काटकोनात यायला हवे. नॉर्डिक वॉकिंगसाठी सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.६८ ने गुणायची पद्धत आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला १०५ ते ११० सेंटिमीटरची काठी बसते. उंची कमी-जास्त करता येणारी जोडी घेतली तर घरात दोघांना वापरता येते, मात्र तिची खिट्टी पक्की बसते ना, हे दुकानातच त्यावर भार देऊन पाहावे. जोडी काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. तेवढे खर्च करायचे नसतील, तर योग्य उंचीच्या दोन सरळ बांबूंना खाली रबरी बूट बसवूनही तोलाचा सराव होतो. ढकलण्याच्या व्यायामाला पट्टा लागतो, तोलाला नाही.

पहिल्या दिवशी बहुतेकांचा एकच गोंधळ होतो. चालताना आपला उजवा पाय आणि डावा हात आपोआप एकत्र पुढे जातात. हातात काठ्या आल्या आणि डोक्याने विचार सुरू केला, की उजवा पाय, उजवा हात असे उंटासारखे चालणे सुरू होते. त्यावर उपाय सोपा. पहिली पाच-दहा मिनिटे काठ्या टेकायच्याच नाहीत. मुठी सैल ठेवून त्या नुसत्या मागे फरफटू द्यायच्या आणि नेहमीसारखे हात हलवत चालायचे. लय आली की काठ्या आपणहून जमिनीला धरू लागतात. आजारातून उठलेल्यांनी काठ्या उभ्या ठेवून, पुढे टाकलेल्या पायासोबत समोरच्या बाजूची काठी टेकत चालावे. मागे ढकलण्याची पद्धत दम सुधारल्यावर. दहा मिनिटांपासून सुरुवात आणि दर आठवड्याला थोडी वाढ पुरे. डांबरी रस्त्यावर, फरशीवर रबरी टोक हवेच. मातीच्या वाटेवर ते काढून आतले धातूचे टोक वापरावे.

काठ्या सर्वांसाठी नाहीत. ज्यांना उभे राहतानाच पूर्ण वजन कशावर तरी टाकावे लागते, त्यांना वॉकरच हवा. या काठ्या तेवढा भार घेण्यासाठी बनवलेल्या नसतात. बायपासनंतर छातीचे हाड भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन महिने, हातांनी जोर लावून ढकलणे टाळायचे असते, तेव्हा सर्जनला विचारल्याशिवाय नको. खांदा धरलेला असेल, मनगटाचे दुखणे असेल, तर आधी त्यावर इलाज. गुडघा बदलल्यानंतर कधी वॉकर सोडायचा आणि कधी काठ्या घ्यायच्या, हे फिजिओथेरपिस्टने चालणे पाहून ठरवावे. अचानक गरगरून तोल जात असेल, तर काठ्या घेण्याआधी कारण शोधायला हवे. ते रक्तदाबाच्या गोळीतही असू शकते.

चालायचे कुठे?

फिनलंडमध्ये हा व्यायाम पसरला, कारण दाराबाहेर पडले की वाट आहे. आपल्याकडे पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असे इंडियन रोड काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. दोन काठ्या घेतलेल्या माणसाला साधारण मीटरभर जागा लागते, म्हणजे कागदावर दोघे शेजारून जातील. प्रत्यक्षात पदपथावर दुचाकी, महावितरणचा डबा आणि पाणीपुरीची गाडी यांच्यामधून एकटा धडधाकट माणूसही आडवा होऊन जातो. निघालेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत काठीचे टोक अडकले, तर आधाराचाच अडथळा होतो. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहेच. काहींना काठी दिसली की ती लांब होतात, काही नेमकी काठीवरच भुंकतात.

त्यामुळे सध्या तरी सोसायटीचे आवार, शाळेचे मैदान, बागेतला मातीचा ट्रॅक, गावाकडे असाल तर सकाळचा सडकेचा कडेचा भाग, अशीच जागा शोधावी लागते. महापालिका ज्येष्ठांसाठी बागांमध्ये लोखंडी व्यायामयंत्रे बसवतात. त्यातली अनेक वर्षभरात गंजतात किंवा मुलांचे झोपाळे होतात. त्याच खर्चात शंभर-दोनशे मीटरचा सपाट, खाचखळगे नसलेला, रात्री उजेड असलेला पट्टा आणि आठवड्यातून दोन सकाळी एक फिजिओथेरपिस्ट एवढे केले, तरी वॉर्डातल्या कितीतरी जणांचा खुबा शाबूत राहील. रुग्णालयांनाही डिस्चार्जच्या दिवशी काठ्यांची उंची मोजून देणे आणि कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटे चालवून दाखवणे अवघड नाही. त्याला यंत्र लागत नाही, मोजपट्टी लागते.

आणि पावसाळ्याआधी घरच्यांनी एकदा काठ्या उलट्या करून रबराचे तळ पाहावेत. दुचाकीच्या टायरसारखीच त्यावरची नक्षी झिजते. गुळगुळीत झालेले रबर ओल्या फरशीवर सरकते. नवा जोड सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळतो, जुना बूट सोबत नेला की माप चुकत नाही.